डिसिल्व्हा, अमान्सिओ

डिसिल्व्हा, अमान्सिओ : (१९ मार्च १९३६–१७ जुलै १९९६). मुंबईत जन्मलेले गोमंतकीय वंशाचे जॅझ गिटारवादक व संगीतरचनाकार. ब्लूज व जॅझ या अमेरिकन निग्रो समाजात उदय पावलेल्या संगीतप्रकारांची भाषा पूर्णपणे आत्मसात करून तिच्यातून भारतीय स्वरसंवेदना व्यक्त करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. त्यांचे महत्त्वाचे ध्वनिमुद्रण-कार्य १९६९ ते १९७२ या अवघ्या तीन-चार वर्षांत लंडन येथे झाले. मायदेशी त्यांचे नाव फारसे परिचित झाले नाही. इंग्लंडमध्येही त्यांच्या ध्वनिमुद्रिका दीर्घकाळ दुर्मीळ राहिल्या. तथापि एकविसाव्या शतकात त्या पुन्हा प्रकाशित झाल्यावर या वादकाच्या कार्याचे स्वतंत्र मोल अभ्यासकांच्या ध्यानी आले.

डिसिल्व्हा यांचे जीवन हे एका व्यक्तीचे चरित्र असले, तरी ते समजून घेण्यासाठी तीन प्रवाहांची ओळख आवश्यक ठरते : ब्लूज व जॅझमधील गिटारची परंपरा, मुंबईतील गोमंतकीय वादकांचा इतिहास आणि साठोत्तर लंडनमधील भारतीय-पाश्चात्त्य संगीतसंगमाचे प्रयोग.

ब्लूज, जॅझ व गिटार : अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरीच्या निर्मूलनानंतर (१८६५) शेतमजूर, रस्ते व लोहमार्ग बांधणारे कामगार, भटके गायक यांच्यामध्ये जे एकल गायन रूढ झाले, त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज हा प्रकार सिद्ध झाला. त्याचा साचा साधा आहे. प्रत्येक कडव्यात तीन ओळी असतात. पहिली ओळ दुसऱ्यांदा जवळजवळ तशीच म्हटली जाते व तिसरी तिला उत्तर देते. प्रत्येक ओळीला चार मात्रांचे चार खंड, म्हणजे सोळा मात्रा मिळतात व बारा खंडांत अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन पुरे होते. भारतीय श्रोत्याने तीनतालाची तीन आवर्तने डोळ्यांपुढे आणल्यास या साच्याचा आवाका त्याच्या सहज लक्षात येईल. अर्थात हे साम्य केवळ मोजणीपुरते आहे. षड्ज, मध्यम व पंचम या स्वरांवर उभारलेल्या तीन स्वरमेळांची साथ या आवर्तनाला असते. गंधार व निषाद हे स्वर शुद्ध आणि कोमल यांच्या मधोमध कोठेतरी, किंचित ओढून लावले जातात. ब्लूजचा जो विशिष्ट आर्त परिणाम होतो, त्याचे रहस्य बऱ्याच अंशी या ओढलेल्या स्वरांत आहे.

गाणाऱ्याने एक ओळ म्हणावी आणि तिच्या अखेरच्या मोकळ्या मात्रांत हातातील गिटारने तिला प्रतिसाद द्यावा, ही ब्लूजची मूळ रीत होय. स्वस्त, सहज वाहून नेता येणारे आणि सूर व ताल दोन्ही सांभाळणारे वाद्य म्हणून गिटार या गायकांच्या हाती आले. जॅझच्या वाद्यवृंदात मात्र ट्रंपेट, सॅक्सोफोन, ट्राँबोन या वाद्यांच्या गजरात गिटारचा आवाज बुडून जाई. त्यामुळे दीर्घकाळ त्याचे काम लय धरण्यापुरते मर्यादित राहिले. विद्युत्-गिटारच्या प्रसारानंतर ही स्थिती पालटली. चार्ली ख्रिश्चन (१९१६–४२) या वादकाने १९३९ पासून बेनी गुडमनच्या वाद्यमेळात या गिटारवर सॅक्सोफोनच्या तोडीचे स्वतंत्र विस्तार वाजविले. पुढे वेस माँट्गमरी (१९२३–६८) याने नखीऐवजी अंगठ्याने तारा छेडण्याची व एकच स्वरावली दोन सप्तकांत एकदम वाजविण्याची शैली रूढ केली. डिसिल्व्हा यांचे वादन याच परंपरेतील आहे.

उत्स्फूर्त विस्तार हा जॅझचा प्राण होय. ठरलेल्या साच्यात राहून दर वेळी नवे काही सांगणे व सोबतच्या वादकाने त्याला तत्काळ उत्तर देणे, ही गोष्ट महाराष्ट्रातील लोकसंगीतालाही अपरिचित नाही. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, कळवण, बागलाण या डोंगराळ भागांत मार्गशीर्षात होणाऱ्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी या सुषिर वाद्यावर नाचणाऱ्यांची पावले चालतात. वाजविणारा नाचणाऱ्यांकडे पाहून चाल बदलतो आणि नाचणारे सुरातील बदल ओळखून वळण घेतात. कोकणा समाजातील थाळगानात काशाच्या वा पितळेच्या थाळीवर मेणाने काडी उभी करतात व ती बोटांनी ओढून काढलेल्या अखंड नादावर रात्रभर कथा सांगितली जाते. या परंपरांचा ब्लूजशी ऐतिहासिक संबंध मुळीच नाही. परंतु लिखित स्वरलिपीवाचून, श्रमजीवी समाजाच्या स्मरणात टिकून राहिलेले आणि प्रत्येक प्रसंगी नव्याने घडणारे संगीत कसे असते, याची कल्पना त्यांवरून येऊ शकते. ब्लूजचे वेगळेपण असे, की तबकडी व नभोवाणी या साधनांमुळे तो आपल्या गावाबाहेर पडला आणि अल्पावधीत मुंबईसारख्या दूरच्या बंदरापर्यंत येऊन पोहोचला.

मुंबईतील पूर्वपीठिका : गोव्यात पोर्तुगीज राजवटीत, सोळाव्या शतकापासून, चर्चला जोडलेल्या पाठशाळा निघाल्या. तेथे मुलांना प्रार्थनासंगीतासाठी स्वरलिपीचे वाचन, गायन व व्हायोलिनवादन शिकवीत. प्रार्थनेबाहेरच्या जीवनात याच शिक्षणातून मांडो, दुलपद यांसारखे कोकणी गीतप्रकार बहरले. त्यांत कोकणी भाषेचा लहेजा व पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरमेळ एकत्र नांदतात. शेतीवर पोट भरणे कठीण झाल्याने एकोणिसाव्या शतकापासून गोमंतकीय तरुण मोठ्या संख्येने ब्रिटिश हिंदुस्थानात येऊ लागले. आचारी, खलाशी, शिंपी यांच्याबरोबर वादकही आले. संस्थानिकांचे बँड, लष्करी बँड, मूकपटांना साथ करणारे वाद्यवृंद आणि मोठी हॉटेले येथे स्वरलिपी वाचू शकणाऱ्या वादकांना मागणी होती. मुंबईत धोबीतलाव व त्याच्या आसपासच्या भागांत गावोगावच्या मंडळींनी चालविलेल्या ‘कूड’ नावाच्या सामायिक निवासांत या वादकांना पहिला आसरा मिळे.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकन निग्रो व्हायोलिनवादकाचा वाद्यमेळ मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यापाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे नामांकित वादक येथे आले. वेदरफर्डने आयुष्याची अखेरची वर्षे भारतातच काढली. १९४५ मध्ये कोलकात्यात त्याचे निधन झाले. अमेरिकेतील वर्णभेदाला कंटाळलेल्या या कलावंतांना पूर्वेकडील बंदरांत प्रतिष्ठा व बऱ्यापैकी वेतन मिळत असे. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांना जॅझचे प्रत्यक्ष शिक्षण लाभले. कागदावरील स्वर वाचण्यात ते पूर्वीपासून निष्णात होते. कागदावर नसलेले वाजविण्याची विद्या त्यांनी या पाहुण्यांकडून घेतली. ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड, ताजमहाल हॉटेलात १९३९ पासून सुमारे दोन दशके वाद्यमेळ चालविणारे मिकी कोरिया, तसेच ‘चिक चॉकलेट’ या नावाने ख्याती पावलेले आंतोनियु झेवियर वाझ (१९१६–६७) हे या पिढीचे प्रमुख प्रतिनिधी होत.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. युरोपीय गिऱ्हाईक घटले आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रीचे कार्यक्रम आकसले. अनेक वादक हिंदी चित्रपटसंगीताकडे वळले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र (रामचंद्र चितळकर) यांनी अलबेला (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेट यांच्यासारख्या वादकांच्या कौशल्याचा भरपूर उपयोग करून घेतला. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांच्यासारख्या वाद्यवृंद-संयोजकांनी चालींना स्वरमेळांची व वाद्यवृंदाची जोड दिली. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र यांपैकी बहुतेकांची नावे येत नसत. अर्थार्जन झाले, परंतु स्वतःचे संगीत स्वतःच्या नावाने सादर करण्याची संधी या पिढीला क्वचितच मिळाली.

जीवन : डिसिल्व्हा यांचा जन्म मुंबई येथे गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांच्या बालपणी मुंबईतील जॅझ ऐन भरात होता आणि ते तरुण होईतो त्याला ओहोटी लागली होती. गिटारचे रीतसर शिक्षण देणाऱ्या संस्था त्या काळी येथे नव्हत्या. तबकड्या ऐकून, ज्येष्ठ वादकांच्या साथीला बसून, हात बसेपर्यंत तीच जागा पुनःपुन्हा वाजवून शिकणे, हाच या क्षेत्रातील तरुणांचा मार्ग होता. डिसिल्व्हा यांचीही घडण प्रामुख्याने अशीच झाली. मुंबईप्रमाणेच उत्तर भारतातील हॉटेले व उपाहारगृहांतूनही त्यांनी वादन केले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा आश्रय त्यांना लाभला. पुढे ‘महाराणी’ व ‘जयपूर’ ही नावे त्यांनी आपल्या दोन रचनांना दिली, त्यांत या आश्रयाची कृतज्ञ आठवण दिसते.

या काळात अमेरिकन सरकारने सदिच्छादूत म्हणून पाठविलेले थोर जॅझ कलावंत भारतात येऊन गेले : डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये, ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये. त्यांच्या कार्यक्रमांना गर्दी लोटे. परंतु स्थानिक वादकांची रोजची भ्रांत त्यामुळे मिटत नव्हती. जॅझची स्वतंत्र मैफल अथवा स्वतःच्या रचनांची दीर्घ ध्वनिमुद्रिका यांचा विचारही भारतात त्या वेळी अव्यवहार्य होता. मुंबईत ‘जॅझ यात्रा’ या आंतरराष्ट्रीय महोत्सवाला १९७८ मध्ये प्रारंभ झाला; तोवर डिसिल्व्हा यांना देश सोडून दशक उलटले होते.

त्यांची पत्नी जॉइस या आयरिश होत्या. मुलगा स्टेफानो याच्या वैद्यकीय उपचारांसाठी हे कुटुंब १९६७ मध्ये लंडनला गेले. म्हणजे डिसिल्व्हा यांच्या कलाजीवनाला कलाटणी देणारे हे स्थलांतर कीर्तीच्या शोधासाठी नव्हे, तर कौटुंबिक निकडीपोटी घडले. तिशी उलटलेल्या, इंग्लंडमध्ये अनोळखी असलेल्या या वादकाला तेथे सारे काही नव्याने उभारावे लागले. तथापि दोन वर्षांच्या आत त्यांचे वादन ध्वनिमुद्रण-निर्माता डेनिस प्रेस्टन याच्या कानी आले आणि पुढील काही वर्षे त्यांच्या जीवनातील सर्वाधिक निर्मितीची ठरली.

लंडनमधील पार्श्वभूमी : १९६५ मध्ये बीटल्स या वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसनने एका गीतात सतार वाजविल्यापासून इंग्लंडमध्ये या वाद्याची लाट आली. पंडित रविशंकर यांच्या कार्यक्रमांनी अभिजात भारतीय संगीताला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. याच सुमारास कोलकात्याचे संगीतरचनाकार जॉन मेयर (१९३०–२००४) आणि जमेकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट (१९२८–७३) यांनी एकत्र येऊन पाच जॅझवादक व पाच भारतीय संगीतपद्धतीचे वादक अशी दुहेरी रचना असलेला वाद्यवृंद बांधला. त्याच्या इंडो-जॅझ स्वीट (१९६६) व इंडो-जॅझ फ्यूजन्स (१९६७) या ध्वनिमुद्रिका प्रेस्टननेच काढल्या. त्यांत सतारीवर दिवाण मोतिहार व तबल्यावर मुंबईहून लंडनला गेलेले केशव साठे होते. साठे हे पुढे युरोपातील अनेक जॅझ कलावंतांबरोबर वाजवीत राहिले. परदेशी वादकांच्या मात्रांच्या हिशोबाशी तबल्याचा मेळ घालण्याचे अवघड काम त्यांनी कोणताही गाजावाजा न करता वर्षानुवर्षे केले.

मेयर यांच्या पद्धतीत रागाचे स्वर व तालाची गणिते आधी लिहून काढलेली असत. भारतीय वादकांनी आपला भाग व जॅझवादकांनी आपला भाग वाजवावा आणि दोहोंची सांगड रचनाकाराने कागदावर घालावी, असे तिचे स्वरूप होते. डिसिल्व्हा यांची वाट याहून भिन्न होती.

ध्वनिमुद्रित कार्य : डिसिल्व्हा यांची पहिली ध्वनिमुद्रिका इंटिग्रेशन १९६९ मध्ये प्रकाशित झाली. तीत त्यांच्यासोबत त्या काळच्या इंग्लंडमधील अग्रगण्य जॅझ पंचकातील वादक होते : सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, ट्रंपेट व फ्ल्यूगलहॉर्नवर इअन कार, डबल बासवर डेव्ह ग्रीन आणि ड्रमवर ट्रेव्हर टॉम्किन्स. रेंडेल व कार यांच्या पंचकात एरवी असणारा पियानो येथे नव्हता. त्याची जागा गिटारने घेतल्यामुळे स्वरमेळांचा सारा भार डिसिल्व्हा यांच्यावर आला आणि त्याचबरोबर रचनेला मोकळीकही मिळाली. ‘गंगा’, ‘मुंबईतील एक रस्ता’ अशा अर्थाची शीर्षके असलेल्या रचना या तबकडीत आहेत. ‘एकात्मीकरण’ या अर्थाच्या तिच्या शीर्षकाला तत्कालीन परिस्थितीचाही संदर्भ आहे. १९६८ मध्ये ब्रिटनने राष्ट्रकुलातील स्थलांतरितांवर नवे निर्बंध घालणारा कायदा केला होता आणि वर्णीय स्थलांतरितांविरुद्ध जहाल भाषणे होत होती. अशा वेळी एका भारतीय वादकाने चार ब्रिटिश वादकांसमवेत काढलेल्या ध्वनिमुद्रिकेवर हा शब्द छापला जावा, ही गोष्ट श्रोत्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

त्याच वर्षी हम दोनो ही ध्वनिमुद्रिका निघाली. ती डिसिल्व्हा व जो हॅरिअट या दोघांच्या नावावर आहे. तीत नॉर्मा विन्स्टन हिचे शब्दविरहित गायन, इअन कार याचे ट्रंपेट व फ्ल्यूगलहॉर्न, डेव्ह ग्रीन याचा डबल बास आणि ब्रायन स्प्रिंग याचे ड्रमवादन आहे. हॅरिअटने १९६० च्या सुमारास युरोपात मुक्त जॅझचे पहिले प्रयोग केले होते आणि मेयर यांच्याबरोबरच्या वाद्यवृंदामुळे तो प्रसिद्धीच्या झोतात आला होता; परंतु १९६९ पर्यंत त्याच्या भाग्याला उतरती कळा लागली होती व १९७३ च्या प्रारंभी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. ब्रिटिश साम्राज्याच्या दोन टोकांहून आलेले हे दोन स्थलांतरित. दोघेही राजधानीत पाहुणे आणि दोघांचीही मातृभूमी एकमेकांपासून हजारो मैल दूर. जॅझ हीच त्यांना जोडणारी एकमेव भाषा होती. ‘आम्ही दोघे’ हे हिंदी शीर्षक या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरते. ‘गोव्यासाठी बॅलड’ या अर्थाची एक संथ रचना व मुलगा स्टेफानो याच्या नावाची एक नृत्यरचना या ध्वनिमुद्रिकेत आहे.

विशेष लक्षणीय बाब ही, की इंटिग्रेशन व हम दोनो या दोन्ही ध्वनिमुद्रिकांत सतार, तबला वा तंबोरा यांपैकी एकही वाद्य नाही. त्या काळी भारतीयत्वाची खूण म्हणून सतारीचा झंकार सर्रास वापरला जात असताना डिसिल्व्हा यांनी ते सोपे साधन हाताळले नाही. भारतीय स्वररूप त्यांनी चालीच्या घडणीत, स्वरांच्या वळणांत आणि विस्ताराच्या संथ उलगड्यात आणले. ऐकणाऱ्याला ते जाणवते, पण बोटाने दाखविता येत नाही.

घानाचा विख्यात तालवादक गाय वॉरन याच्या १९६९ मधील ध्वनिमुद्रणातही डिसिल्व्हा यांनी साथ केली. १९७१ मध्ये रिफ्लेक्शन्स ही, गिटारला वाद्यवृंदाची साथ असलेली, काहीशी सौम्य व रंजनप्रधान ध्वनिमुद्रिका निघाली. १९७२ मध्ये ‘कॉस्मिक आय’ या नावाने ड्रीम सिक्वेन्स ही दीर्घ, स्वप्नसदृश वाटणाऱ्या प्रयोगांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तीत मात्र भारतीय वाद्यांना प्रमुख स्थान आहे.

त्याच वर्षी कोंकण डान्स या ध्वनिमुद्रिकेचे ध्वनिमुद्रण पूर्ण झाले. तीत क्लेम ॲल्फर्ड याची सतार, केशव साठे यांचा तबला आणि डॉन रेंडेल, ॲलन ब्रान्सकोम यांचे वादन आहे. पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांत भारतीय वाद्ये दूर ठेवून स्वतःची भाषा सिद्ध केल्यानंतरच डिसिल्व्हा यांनी त्यांना आपल्या रचनेत बोलावले, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. येथे सतार व गिटार एकमेकांची नक्कल करीत नाहीत. एकाच वस्तीतील दोन बोलींप्रमाणे ती शेजारी-शेजारी बोलतात. हे ध्वनिमुद्रण त्या काळी प्रकाशितच झाले नाही. १९७० नंतर इंग्लंडमध्ये जॅझच्या बाजारपेठेला मंदी आली होती. मुद्रित फिती तशाच पडून राहिल्या व ध्वनिमुद्रिका प्रत्यक्षात २००६ मध्ये बाहेर आली. तोपर्यंत रचनाकाराच्या निधनाला दहा वर्षे होऊन गेली होती.

वादनशैली : सतारीचे पडदे रुंद व उंच असल्याने एका पडद्यावर तार ओढून पाच-सहा स्वरांची मींड घेता येते. गिटारचे पडदे चपटे व जवळ-जवळ असतात. तार ओढून फार तर एक-दोन स्वरांचे अंतर गाठता येते. ब्लूजवादकांनी एवढ्याच अवकाशाचा उपयोग करून गंधार-निषादांची आर्तता साधली होती. डिसिल्व्हा यांनी हेच तंत्र भारतीय धाटणीच्या कणस्वरांसाठी वापरले. एकदा तार छेडून डाव्या हाताच्या बोटांनी स्वर जोडत जाणे, एखादी तार मोकळी घुमत ठेवून तिच्यावर स्वरावली उभारणे, मधूनच दोन सप्तकांत एकदम वाजविणे आणि घाई न करता एका लहानशा स्वरसमूहाभोवती फिरत राहणे, ही त्यांच्या वादनाची ठळक लक्षणे होत.

सैद्धांतिक दृष्ट्या हा प्रश्न सोपा नव्हता. राग ही एकेरी स्वरधारा असते. तिच्याखाली बदलते स्वरमेळ रचल्यास आधारस्वर डळमळतो व रागाचे व्यक्तिमत्त्व हरवते. उलट स्वरमेळ अजिबात न बदलल्यास जॅझवादकाला आपले नेहमीचे आव्हान उरत नाही. १९५९ नंतर अमेरिकन जॅझमध्ये माइल्स डेव्हिस, जॉन कोलट्रेन प्रभृतींनी एकाच स्वरश्रेणीवर दीर्घकाळ विस्तार करण्याची जी पद्धत रुजविली, तिच्यामुळे या पेचातून वाट निघाली. डिसिल्व्हा यांनी या मोकळ्या चौकटीत रागसदृश स्वरावली मांडल्या आणि त्यांच्या मधल्या जागांत ब्लूजचे तीन स्वरमेळ येऊ दिले. कोणत्याही एका रागाचे शुद्ध रूप त्यांच्या रचनांत शोधू गेल्यास निराशा पदरी येईल. मांडो व प्रार्थनागीते कानांवर पडत वाढलेल्या, हॉटेलांत नृत्यसंगीत वाजविलेल्या आणि रस्त्यावर सनईचौघडा ऐकलेल्या मुंबईकराच्या स्मृतीतील हे स्वर आहेत. त्यांना शास्त्राच्या कसोटीपेक्षा त्या स्मृतीच्या कसोटीवर पारखणे अधिक न्याय्य होय.

उत्तरायुष्य : १९७२ नंतर डिसिल्व्हा यांच्या नावावर पूर्वीच्या तोडीच्या ध्वनिमुद्रिका आढळत नाहीत. त्यांनी लंडनमध्येच वास्तव्य केले, लहान-मोठ्या मैफलींत वादन चालू ठेवले व गिटारचे अध्यापन केले. १९७५ च्या सुमारास जॉन मॅक्लॉफ्लिन, एल्. शंकर, झाकीर हुसेन प्रभृतींच्या ‘शक्ती’ या वाद्यमेळाला गिटार व भारतीय वाद्ये यांच्या संगमाबद्दल जागतिक कीर्ती लाभली. त्या यशाची पूर्वतयारी ज्या मोजक्या कलावंतांनी केली होती, त्यांत डिसिल्व्हा होते. मात्र त्याचे श्रेय त्यांच्या वाट्याला आले नाही. १९९६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा स्टेफानो हाही संगीतकार झाला.

मूल्यमापन : भारतातील गिटारच्या इतिहासात दोन स्वतंत्र मार्ग दिसतात. पहिला मार्ग वाद्यालाच भारतीय करण्याचा आहे. ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी मांडीवर आडवे ठेवून सरकत्या पट्टीने वाजविण्याच्या गिटारवर रागसंगीत आणले व विश्वमोहन भट्ट यांनी तरफा जोडून ‘मोहनवीणा’ सिद्ध केली. दुसरा मार्ग अमेरिकन परंपरा जशीच्या तशी निष्ठेने जोपासण्याचा आहे. कोलकात्यात आयुष्य वेचलेले कार्लटन किटो (१९४२–२०१६) हे त्याचे उत्तम उदाहरण होय. डिसिल्व्हा या दोन्ही मार्गांच्या मधल्या पाऊलवाटेने गेले. त्यांनी वाद्य बदलले नाही, वादनाचे मूलभूत तंत्रही जॅझचेच ठेवले, परंतु त्यातून आपल्या मुंबई-गोव्याच्या आठवणी मांडल्या.

त्यांच्या कार्याच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. ध्वनिमुद्रणांची संख्या थोडी आहे; काही रचना आराखड्याच्या पातळीवरच थांबल्यासारख्या वाटतात व वाद्यवृंदासह केलेल्या ध्वनिमुद्रिकेत रंजनाच्या मागणीने कल्पकतेवर मात केलेली दिसते. त्यांनी शिष्यपरंपरा निर्माण केली नाही आणि ज्या शहरात ते वाढले, तेथील पुढील पिढीच्या गिटारवादकांपर्यंत त्यांचे वादन वेळेवर पोहोचलेही नाही.

असे असूनही त्यांचे स्थान निश्चित आहे. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ज्यांची नावे कधी उमटली नाहीत, अशा गोमंतकीय वादकांच्या पिढ्यांमधून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या रचना दीर्घ ध्वनिमुद्रिकांच्या रूपात मागे ठेवणारे जे थोडे कलावंत निघाले, त्यांत डिसिल्व्हा यांचा समावेश होतो. त्यासाठी त्यांना मुंबई सोडावी लागली. परंतु गंगा, जयपूर, गोवा व कोकण ही त्यांच्या रचनांची नावे पाहता त्यांच्या संगीताने ती सोडली होती, असे म्हणता येत नाही.